चंचल सापडत नाही

"सापडला काय जी तुमचा चंचल?" चहाचा कप स्टुलावर ठेवत गिरजाबाईंनी नवऱ्याला विचारलं.

हेडाऊ सर टीव्हीपुढून हलले नाहीत. टीव्हीच्या करड्या पडद्यावर पुन्हा तीच ओळ येऊन बसली होती: चाळीस नंबरच्या ओळीत चूक, व्हेरिएबल सापडत नाही. अशी ओळ पहिल्यांदा आली तेव्हा सरांनी कपाटातला इंग्रजी-मराठी शब्दकोश काढला होता. त्यात व्हेरिएबलचा अर्थ 'अस्थिर, चंचल, बदलणारे' असा दिला होता. तेव्हापासून घरात त्या चुकीचं नाव चंचल पडलं. सुरुवातीला सगळ्यांनाच गंमत वाटली. "कोण पोट्टा हाय हा चंचल? कोठी पळाला?" असं गिरजाबाई विचारायच्या आणि त्यांची मुलगी शोभा पदर तोंडाला लावून हसायची. आता ते नाव एकट्या गिरजाबाईच घेत, आणि त्यांनाही हसू येत नसे.

"चहा थंडा होऊन राहिला," त्या म्हणाल्या.

"होऊ दे."

ही सत्त्याऐंशी सालच्या दिवाळीनंतरची गोष्ट. खेमराज हेडाऊ म्हणजे लाखनीत फक्त 'सर'. बाप मागावर बसून लुगडी विणायचा. सरांनी माग सोडला आणि बोटं इंग्रजी टंकयंत्रावर ठेवली ती ठेवलीच. शाळेच्या आवारात, हायवेकडच्या कोपऱ्यातल्या खोलीत त्यांचा टायपिंग क्लास होता. साकोली-भंडाऱ्याच्या कचेऱ्यांत जे कारकून टकटक करत बसलेले दिसत, त्यातले निम्मे याच खोलीतून गेलेले. पोरांच्या हातावर रुमाल टाकून सर शिकवायचे. बटनांकडे बघणाऱ्याला ते नापासच समजत. स्वतः तर टायप करता करता खिडकीबाहेरचे ट्रक बघत, कोणाशी बोलत, आणि कागद काढला की त्यात खाडाखोड शोधून सापडत नसे. माणसाला एवढ्या एका गोष्टीचा गर्व असायला हरकत नाही. सरांना तो होता, आणि चांगला भरघोस होता.

खोली मात्र शाळा चालवणाऱ्या संस्थेची. आणि संस्थेचे सचिव होते गोपीचंद कापगते, राईस मिलवाले. गोपीचंद नागपूरला मेव्हण्याकडे जाऊन आले आणि तिथल्या गल्लोगल्ली लागलेल्या कॉम्प्युटर क्लासच्या पाट्या पाहून त्यांचं डोकं फिरलं. महिन्याभरात संस्थेने एक घरगुती कॉम्प्युटर आणलाच. आणला म्हणजे काय, तर एक जाडसर बटनांची पट्टी. ती टीव्हीला जोडायची, मग टीव्हीवर अक्षरं उमटायची. शाळेत टीव्ही नव्हता. सरांच्या घरी होता.

"बटनंच तं दाबाची हायेत, मास्तर," गोपीचंद म्हणाले होते. "लाखनीत तुमच्याहून बटनं कोणाले येतेत? महिनाभर घरी ठेवा, शिका. मंग संस्थेपुढं चालवून दाखवा. चालला तं त्याच खोलीत टायपिंग बी आन् कॉम्प्युटर बी. दोन्ही तुमचे."

"आन् नाई चालला तं?"

"तं नागपूरचा एक पोरगा येतो म्हणते. त्याले खोली द्या लागन. टायपिंगचं मंग पाहू."

'मग पाहू' या दोन शब्दांत काय असतं ते लाखनीतल्या लहान पोरालाही ठाऊक होतं.

सर एकटे असते तर त्यांनी टंकयंत्रं घरच्या ओसरीत मांडली असती, नाहीतर साकोलीच्या कोर्टाबाहेर झाडाखाली. पण शोभा होती. जावयाने तिला पोळ्याच्या सणाला माहेरी आणून सोडली आणि तो पुन्हा फिरकलाच नाही. वर्षभराने त्याने दुसरी केल्याचं कळलं. तेव्हापासून सकाळची बॅच शोभा घ्यायची. त्या खोलीत सगळे तिला 'मॅडम' म्हणत. खोलीच्या बाहेर तिला काय म्हणत, तेही सरांच्या कानावर यायचं. ती खोली गेली तर पोरीला 'मॅडम' म्हणणारी जागाच उरणार नव्हती. सरांना रात्रंदिवस तेच दिसत होतं.

कॉम्प्युटरबरोबर एक पातळ पुस्तिका आली होती. तीत छोटे छोटे प्रोग्राम छापले होते. सरांनी त्यातला पाढ्यांचा निवडला: आकडा सांगायचा, की त्याचा पाढा पडद्यावर सरसर उतरणार. शाळेला शोभेल असा. पुस्तिका डाव्या हाताला ठेवून, तिच्यावरची नजर न काढता सरांनी तो सपाट्यात टायप केला. ओळींचे नंबर यंत्र आपणच टाकत होतं. शेवटी 'रन' असं लिहून बटन दाबलं, आणि चंचल हजर झाला.

पुन्हा केला. पुन्हा तेच. पडद्यावरचं आणि पुस्तिकेतलं अक्षर न् अक्षर बोट लावून ताडून पाहिलं. शोभाने वाचलं, सरांनी पाहिलं. सरांनी वाचलं, शोभाने पाहिलं. सगळं जिथल्या तिथे होतं. मग वीज गेली. वीज गेली की त्या यंत्राच्या पोटातलं सगळं पुसलं जायचं आणि पहिल्या ओळीपासून सुरुवात करावी लागायची. धानाचा हंगाम, गोपीचंदांची मिल दिवसभर चाललेली. तिचं चाक फिरलं की सगळ्या आळीचे दिवे मंद व्हायचे. दोष विजेचाच, असं सरांनी ठरवून टाकलं. मिल बंद होती त्या दिवशी टायप केलं. चंचल आला.

रेडिओ दुरुस्त करणाऱ्या धनीरामला बोलावलं. त्याने पट्टी उलटी केली, हलवून कानाशी नेली.

"सर, हे माह्या बसचं नाई," तो म्हणाला. "याच्यात रेडिओतले काचेचे वालच नाई."

गिरजाबाईंनी एका सकाळी टीव्हीवरून आणि त्या पट्टीवरून मीठ-मोहऱ्या उतरवून चुलीत टाकल्या. सरांनी पाहिलं आणि ते काही बोलले नाहीत. एरवी अशा गोष्टींवर ते तासभर भाषण देत. रविवारी सकाळी शेजारची बायापोरं नेहमीप्रमाणे टीव्ही पाहायला दारात जमली, तेव्हा मात्र ते ओरडले, "आज टीव्ही नाई. घरी जा." बायका एकमेकींकडे पाहत परतल्या. असं त्या घरात कधी झालं नव्हतं.

"बाबा, मी टायप करून पाहू का?" शोभाने विचारलं.

शोभा बसली. हात वडिलांचाच, तसाच सरळ, तसाच न बघता चालणारा. तिने संपूर्ण प्रोग्राम घातला आणि 'रन' केलं. चाळीस नंबरच्या ओळीत चूक.

"पाहा," सर म्हणाले. त्यांना बरं वाटलं, आणि बरं वाटल्याची लाजही वाटली. "दोघांच्या हातून एकच चूक होईन का? मशीनच खराब हाय."

"मंग तसं सांगून द्या ना सचिवाले."

"सांगू? तो म्हणन, मास्तराले जमलं नाई म्हून मशिनीले नाव ठेवून राहिला. आन् नागपूरचा पोट्टा येऊन दोन मिनिटात चालवून दाखवन. मंग?"

"तं मंग मी काय करू, बाबा?"

"काही नोको करू. तुह्यासाठीच तं हे सारं करून राहिलो. तू नांदली असती तं मले या वयात हे बटनं दाबा लागले असते काय?"

बोलून गेले आणि तोंडातून निघालेलं परत घेता येईना. शोभा उठली, तिने खुर्ची सरळ केली आणि क्लासची किल्ली घेऊन बाहेर गेली. गिरजाबाई तांदूळ निवडत होत्या. सूप बाजूला सारून त्या एवढंच म्हणाल्या, "तिचं नांदणं तिच्या हाती होतं काय जी?"

त्या दुपारी सरांना काय झालं ते त्यांचं त्यांनाही सांगता आलं नसतं. घरात कोणी नव्हतं. त्यांनी माठातून लोटाभर पाणी घेतलं आणि ते टीव्हीपुढे येऊन उभे राहिले. लोटा कलंडला, असं म्हणता आलं असतं. मांजर आली, असंही म्हणता आलं असतं. यंत्र जळालं म्हणजे कोणाच्याच हातची चूक राहत नाही, आणि दुसरं येईपर्यंत खोली वाचते. त्यांचा हात पुढे गेलाही होता. तेवढ्यात मागच्या दारातून गिरजाबाई आत आल्या. त्यांनी लोट्याकडे पाहिलं, पट्टीकडे पाहिलं.

"तहान लागली काय?" त्यांनी विचारलं.

सरांनी तो लोटा तोंडाला लावला आणि उभ्यानेच सगळा संपवला.

महिना भरत आला तेव्हा गोपीचंद स्वतः आले. कपड्यांना कोंडा लागलेला, बोटात दोन जाड अंगठ्या. खुर्चीवर बसत म्हणाले, "दाखवा, मास्तर."

सरांनी दाखवलं. चंचल आला. गोपीचंदांना इंग्रजी वाचता येत होतं तेवढं पुरेसं होतं.

"असंच होते का रोज?"

"रोज."

"मास्तर, लाज कायची त्याच्यात. तुमचं वय झालं, मशीन नवी हाय. मी बोलावतो नागपूरवाल्याले."

हात जोडावेत असं सरांच्या मनात आलं. ज्या माणसाच्या पोराला त्यांनी फुकट टायपिंग शिकवलं होतं त्याच्यापुढे. त्यांनी हात जोडले नाहीत, पण आवाज जोडल्यासारखाच निघाला.

"संक्रांतीवरी थांबा, भाऊ. तवरी होऊन जाईन."

गोपीचंदांना संकोच वाटला असावा. विषय बदलायचा म्हणून त्यांनी खुर्ची पुढे ओढली. "बरं, मले तं पाहू द्या कसं लागते ते. आपण बी बोटं लावून पाहू. ते चुकवाली ओळच सांगा, कोणती हाय."

सर मागे उभे राहून सांगू लागले. गोपीचंदांचं एकच बोट बटनांवरून हिंडत होतं. एफ शोधायला वेळ, ओ शोधायला वेळ. सरांच्या क्लासात असा विद्यार्थी पहिल्या दिवशी यायचा, आणि सरांचा आवाज आपोआप क्लासातला झाला.

"आता बरोबरची खूण. हां. आता एक."

"एक... एक..." बोट हिंडत राहिलं.

"एल दाबा," सर म्हणाले.

"एल काहून? एक हा काय हाय ना वर, डावीकडं," असं म्हणून गोपीचंदांनी एकचं बटन दाबलं.

गोपीचंद म्हणत होते, "पुढं काय?" पण सरांना ते ऐकू येत नव्हतं. त्यांना स्वतःचेच शब्द ऐकू येत होते.

इंग्रजी टंकयंत्रावर एकचं बटन नसतंच. आकड्यांची ओळ दोनपासून सुरू होते. एक हवा असला की लहान एल दाबायचा. कागदावर दोन्ही सारखेच दिसतात, म्हणून बनवणाऱ्याने एक बटन वाचवलं. क्लासला येणारं प्रत्येक पोर पहिल्याच दिवशी विचारतं, "सर, एकचं बटन कोठी हाय?" आणि सर सांगतात, "एल दाबा." मग ते पोर पुन्हा आयुष्यात विचारत नाही. त्याच्या उजव्या हाताची अनामिकाच ते लक्षात ठेवते. सरांच्या अनामिकेने ते इतकं पक्कं ठेवलं होतं, की आपण एक नव्हे, एल दाबतो आहोत हे सर स्वतःच कधीचे विसरले होते. कागदाला आणि टीव्हीच्या पडद्याकडे पाहणाऱ्या डोळ्यांना फरक कळत नव्हता. या यंत्राला कळत होता. ते बिचारं पंधरा-वीस वेळा सांगत होतं, की एल नावाचं कोणी मला सापडत नाही.

"मास्तर, हे तं दिवसभराचं काम हाय बापा," गोपीचंद एकाच ओळीत कंटाळून उठले. "संक्रांत म्हणता ना? जा, संक्रांत. त्याच्या पुढं नाई."

ते गेल्यावर सर खुर्चीवर बसले. गोपीचंदांची अर्धी राहिलेली ओळ त्यांनी पुरी केली; तीत पुढे दहा होता, त्यातल्या एकसाठीही त्यांनी खाली पाहून वरच्या डाव्या कोपऱ्यातलंच बटन दाबलं. 'रन' केलं. पडद्यावर पाढा सरसर उतरला. सरांनी कोणाला हाक मारली नाही. चोर शोधायला गावभर हिंडावं आणि तो आपल्याच माजघरात जेवत बसलेला सापडावा, तसं त्यांना झालं होतं. यंत्र, वीज, मिल, शेवटी पोरीचं नशीब, सगळ्यांवर आळ घालून झाला होता.

त्यांनी तोच प्रोग्राम पुन्हा एकदा, नेहमीच्या वेगात टायप केला. आता माहीत होतं, तरीही चंचल आला. अनामिका मनाला विचारत नव्हती.

संध्याकाळी शोभा क्लासवरून आली तेव्हा त्यांनी तिला सगळं सांगितलं. शेवटी म्हणाले, "तुले बी मीच शिकवलो. म्हून तुह्या हातानं बी तेच झालं." पुढे म्हणाले, "त्या दिवशी बोललो ते चुकीचं बोललो, पोरी."

शोभाने क्लासची किल्ली खिळ्याला अडकवली. मग म्हणाली, "होऊन जाईन ते. मी शिकीन नवीन. माहा हात तुमच्यापेक्षा लवकर वळन."

"नाई."

"काहून?"

"चालवून दाखवणं एका दिवसाचं हाय, शिकवणं रोजचं. खाली पाहून हळूहळू टायप करणाऱ्याले पोट्टे सर म्हणतीन काय? बोट बदला लागन. आन् बोट बदललं का ते टंकयंत्रावर चुकन. परीक्षा अजून टंकयंत्रावरच होतेत. घरातला एक हात तं तठी शाबूत राहाले पायजे." त्यांनी स्वतःचे हात मांडीवर उलटे ठेवले. "तुहा राहू दे. माहा या मशिनीवर घालू."

शोभाने वाद घातला, गिरजाबाईही बोलल्या. सर ऐकायचे नव्हतेच.

दुसऱ्या दिवसापासून दोन्ही बॅच शोभाकडे गेल्या. सर टंकयंत्राला हात लावेनासे झाले. सकाळी आंघोळ झाली की टीव्हीपुढे बसायचं आणि फक्त एक असलेले आकडे टायप करायचे. अनामिका एलकडे निघाली की ते हात उचलून मांडीवर आपटत. काही दिवस तिला चिंधी बांधून ठेवली. डाव्या हाताची करंगळी वर पोचता पोचता सुजली, गिरजाबाईंनी तिला हळद-तेल लावलं. कधी कधी दुपारी त्यांचे डोळे भरून येत. एवढी आज्ञाधारक बोटं, आणि त्यांना त्याच आज्ञाधारकपणाबद्दल मारायचं. पण ते मारत राहिले. दिवस जात राहिले तसं करंगळी वर जाऊ लागली, आधी कशीबशी, मग न सांगता.

संक्रांतीला संस्थेची सगळी मंडळी शाळेत जमली. सरांचा टीव्ही बैलांच्या खटारातून नेला होता. सरांनी खिडकीबाहेर बघत प्रोग्राम टायप केला आणि अध्यक्षांना आकडा विचारला. त्यांनी सतरा सांगितला. सतराचा पाढा पडद्यावर उतरला तेव्हा गोपीचंदांनी सगळ्यांत आधी टाळ्या वाजवल्या. तिळगूळ वाटता वाटता ठराव झाला: खोली हेडाऊ सरांकडेच, टायपिंग शोभाताईंकडे. सर घरी आले आणि पोटभर जेवले. कित्येक दिवसांनी त्यांनी मागून भात घेतला.

मार्चमध्ये एकोडीच्या सत्यभामाबाई क्लासवर आल्या. क्लास काढण्याआधी सर साकोलीच्या कोर्टाबाहेर बसत, तेव्हापासून या बाईंचे अर्ज तेच टायप करत आले होते. यंदा बोडीची, म्हणजे लहान तळ्याची, पाळ फुटली तेव्हा शेजाऱ्याने पाणी स्वतःच्या धानाच्या बांधीत वळवलं, त्याची तक्रार होती.

"अर्ज मॅडम काढून देतीन ना," सर म्हणाले.

"नाई जी. तुमच्याच हातचा पायजे. साहेब म्हणते, हेडाऊ सराचा अर्ज वाचाले सोपा जाते."

सर हसले. तेवढ्या बोलण्यानेच ते कोपऱ्यातल्या आपल्या जुन्या टंकयंत्रापाशी गेले, कागद चढवला, बाईंकडे बघत बोटं ठेवली. क्लासातल्या पोरांनी सरांना टायप करताना बऱ्याच दिवसांत पाहिलं नव्हतं; त्यांनी आपापले हात थांबवले. इंग्रजीत 'टू, द तहसीलदार' एका दमात उमटलं. गाव उमटलं. मग तारीख. त्या दिवशी मार्चची अकरा होती.

करंगळी वर गेली आणि पत्र्यावर आपटली. तिथे बटन नव्हतं. सरांनी हात पुन्हा बसवला. करंगळी पुन्हा वर गेली. मग त्यांनी एलचा विचार करून अनामिका खाली ढकलली. ती बटनावर जाऊन थांबली, दबली नाही.

शोभा टेबलाशी मान खाली घालून हजेरी लिहीत होती. तिने वर पाहिलं नाही.

"का झालं जी?" सत्यभामाबाईंनी विचारलं. "हात दुखते का?"

"नाई बाई. हात दुसऱ्या कामाले लावला," सर म्हणाले, आणि खुर्चीवरून उठले. "शोभा, बाईचा अर्ज तू घे."

शोभा येऊन त्यांच्या खुर्चीवर बसली. कागद बदलायची गरज नव्हती. वडिलांचं जिथे थांबलं होतं तिथूनच तिने पुढे सुरू केलं, आणि एकाला लागून एक असे दोन एक ठसठशीत उमटले. सर दाराशी उभे राहून ऐकत होते.